सविताच्या जागी

मी शाळेत पयल्यांदा बसलो तवा माझं वय अडतीस होतं आणि वर्ग चवथीचा. पयली नाय, दुसरी नाय, डायरेक चवथी. आमच्या पाड्यात एवढी मोठी उडी आजून कोणी मारलेली नाय. आता तुमी म्हणाल, हा लाडक्या फेकतो. फेकतो मी, ती माझी सवय हाय. पण ही गोष्ट राऊत बाईंची हाय, आणि बाईंसमोर फेकलेलं टिकत नसे. त्या ओरडायच्या नाय, रागवायच्या नाय. चष्मा काढायच्या, ओढणीला पुसायला लागायच्या, आणि पुसून होईपर्यंत समोरचा माणूस आपसूक खरं बोलून मोकळा व्हायचा. मी तर एकदा न विचारलेलं पण सांगून बसलो. दुसऱ्याच्या झाडावरचे आंबे होते, आणि त्या आल्या होत्या फक्त पाणी प्यायला.

बेटेगाववरनं डोंगराच्या अंगाला वर गेलं की आमचा पाडा. शाळा दोन खोल्यांची, पयली ते चवथी, आणि सगळ्यांना मिळून बाई एकट्या. रवायला त्या एडवणला, पार समुद्रावर. घरची वाडी, केळी, पानवेली, नारळ. तितनं पालघर, पालघरवरनं बोईसर, बोईसरवरनं आमचा पाडा, रोज स्कूटीवर. उतरल्यावर हेल्मेट काढायला इसरायच्या. डोक्यावर हेल्मेट घालूनच अर्धा अर्धा तास शिकवायच्या. पयलीतली पोरं समजायची, बाई म्हणजे अशीच असते. एकदा त्या हेल्मेट काढून वर्गात आल्या तर एक पोर भोकाड पसरून रडलं, ही कोण दुसरी आली म्हणून.

हजेरीचा आता मोबाईलवर फोटो पाठवायचा असतो. आमच्या पाड्याला रेंज नाय. शाळेच्या मागं मोठा दगड हाय, त्यावर चढून हात वर केला तर थोडी येते. रोज साडेदहाला बाई त्या दगडावर, एक हात आभाळात. रानात चाललेले लोक लांबनं बगायचे आणि म्हणायचे, "साडेदहा वाजले." एक म्हातारा तर लांबनंच हात जोडून जायचा.

पण बाईंची खरी खोड वेगळी होती. "गैरहजर" हा शब्द त्या वर्गात बोलायच्या नाय. नाव पुकारलं, "हजर" आलं नाय, की त्यांचं पेन थांबायचं आणि त्या सगळ्या वर्गाला विचारायच्या, "त्याचं काय अडलं?" मग वर्ग सांगायचा. पोरांना सगळं ठाऊक असतं. "त्याची आयस मोहाची फुलं येचाया गेली, तो घर राखतो." "तिचा बापूस पिऊन पडलाय, ती त्याच्या उशाशी बसलीय." "त्याच्याकडं एकच चड्डी हाय, ती धुतलीय." बाई ते एका वेगळ्या वहीत लिवायच्या. वही पावाच्या पिशवीत, पावसात भिजू नये म्हणून. शाळा सुटली की ती पिशवी घेऊन, ज्याचं अडलं त्याच्या दारात उभ्या.

आमच्याकडं यायच्या आधी त्या मुरब्याला होत्या, समुद्रकाठच्या शाळेत. तितं बोटी लागल्या की वर्ग रिकामा. पोरं बंदरावर मासळी निवडायला. बाईंनी काय केलं? शाळेचा टाइम भरती-ओहोटीवर लावला. आज सकाळी सात, तर चार दिसांनी दुपारी बारा. पोरं सगळी हजर. मग वरनं पत्र आलं, शाळा घड्याळावर चालते, समुद्रावर नाय. बाईंनी उत्तर धाडलं, "समुद्राला कळवले आहे, उत्तर आलेले नाही." हे त्या स्वतः सांगायच्या, जराशा पण न हसता. त्यानंतर त्यांना समुद्रापासनं उचलून डोंगरात टाकलं, आमच्या नशिबात.

माझी नि बाईंची पयली भेट कणगीत झाली. म्हणजे मी कणगीत, बाई बाहेर.

त्याचं असं झालं. लावणीचे दिस होते. माझी पोरगी सविता नुकतीच चवथीत गेलेली. बायको जानी दिसभर आवणात, चिखलात रोपं लावत. धाकटं पोर दीडेक वर्साचं, नुकतं पळायला शिकलेलं, आणि पळालं की सरळ विहिरीकडं. माझ्या आयसला मोतीबिंदू. तिच्याकडं पोर सांभाळायला दिलं तर ती पोर समजून कोंबडी धरून बसते. म्हणून पोराला सविता. चार दिस शाळेत गेली नाय. बाईंना काय कारण सांगायचं? शेजारच्या पोराबरोबर मी निरोप धाडला, आमची आयस मेली.

चवथ्या दिशी स्कूटीचा आवाज आला. मी जी उडी मारली ती भाताच्या कणगीत. पावसाळ्यात ती रिकामीच असते. ओट्यावर आयस सुपात नाचणी पाखडत होती. बाईंच्या हातात केळ्यांची फणी.

बाई म्हणाल्या, "लाडक्याची आई गेली ना? भेटायला आले."

आयस म्हणाली, "कवा गेली?"

"सोमवारी."

"तुमाला कोणी सांगितलं?"

"लाडक्यानं निरोप पाठवला."

आयसनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे सोमवारी मेले मी. आज बेस्तरवार. चार दिस झाले, घरातलं एक माणूस रडलं नाय! सोमवारी तर मी भाकऱ्या पण भाजल्या."

कणगीच्या फटीतनं मला बाई दिसत होत्या. चष्मा पुसत होत्या. आत भुसा. मला शिंक आली.

"कणगीत काय आहे आजी?"

"काय नाय. आमच्या कणगीत कवा काय असतं?"

बाई कणगीजवळ आल्या, वाकल्या, आणि माझ्या नाकासमोरच्या फटीत बोलल्या, "लाडक्या, सविताचं काय अडलं?"

मी आतनंच सांगितलं, "बाई, पोर सांभाळायला घरात कोण नाय."

"घरात कोण कोण आहे?"

"मी हाय, आयस हाय, सविता हाय, पोर हाय."

"आणि पोर सांभाळायला कोण नाही."

"कोण नाय."

बाईंनी वही काढून लिवलं, मी सांगितलं तसंच. म्हणाल्या, "पोर शाळेत येत नाही तेव्हा पोराचं काही नसतं रे लाडक्या. घरच आलेलं नसतं."

"घर जागेवरच हाय बाई," मी म्हटलं, "छप्पर तेवढं गेलंय."

केळी आयसच्या हातात देऊन बाई गेल्या. आयसनं चारी दिसांची कसर काढली. म्हणाली, "माझ्या नावाची केळी मीच खाल्ली. गोड होती. परत कवा मारशील?"

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "बाई, तुमच्या एडवणला काय पोरं घरी रवत नाय? आमच्याच मागं का?" त्या म्हणाल्या, "राहतात ना. मामाचं लग्न असतं, गोव्याला जायचं असतं. मग बाप चिठ्ठी लिहितो, इंग्रजीत, 'ताप होता'. चिठ्ठी चिकटवली की झालं. कोणी घरी जाऊन ताप मोजत नाही. तुमच्याकडं चिठ्ठी लिहिणारं कोणी नाही, म्हणून मला यावं लागतं. मीच तुमची चिठ्ठी." मी म्हटलं, "मग बाई, तुमीच ताप लिवा आमचा." त्या म्हणाल्या, "तुला ताप नाही, तूच ताप आहेस."

आता मी शाळेत कसा पोचलो ते सांगतो.

भाताची कापणी आली. पयल्याच दिशी मी विळा भातावर मारायचा तो पायावर मारला. भात उभं, मी आडवा. जानी एकटी कापायला, आणि सविता परत पोराला घेऊन घरी. तिसऱ्या दिशी बाई येणार हे ठरलेलं. आता कणगीत पण सोय नाय, नव्या भातासाठी ती शेणानं सारवून ओली होती. काय करावं?

तवा मला कंपनी आठवली. मी मधे मधे तारापूरला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली जायचो. तितं एक रीत होती. आपल्याला जमत नसेल त्या दिशी आपलं कार्ड देऊन भावाला धाडायचं, मेव्हण्याला धाडायचं. त्याला बदली म्हणायचे. गेटवरचा सुपरवायझर बोलायचा, "आदमी पूरे होने चाहिए, शकल से हमको क्या." एकदा माझ्या कार्डावर माझ्या दुप्पट उंचीचा माणूस महिनाभर गेला, आणि मी परत गेलो तर गेटवर मलाच अडवलं, "तू कौन?"

म्हटलं, शाळा तरी काय वेगळी? माणूस पुरा झाला पायजे.

तर दुसऱ्या दिशी पायाला फडकं बांधून, काठी टेकत मी शाळेत. बाई हजेरी घेत होत्या, हेल्मेट घालून.

"सविता लाडक्या..."

"हजर," मी म्हटलं.

सगळी पोरं वळली. बाईंनी वर बगितलं.

"बाई, सविताला जमत नाय. तिच्या जागी मी आलो. बदली."

मला वाटलं होतं, हसतील, हाकलतील, मी पण हसेन, नि कटकट मिटेल. बाई हसल्या नाय. म्हणाल्या, "पाटी आणलीस?"

"नाय."

"उद्या आण. बस."

आणि मी बसलो. चवथीच्या रांगेत, दोन पोरींच्या मधे, पाय लांब करून. त्या दिशी मला कळलं, दिस केवढा मोठा असतो. मी चार वेळा लघवीला सुट्टी मागितली, पाचव्या वेळी बाजूची पोरगी म्हणाली, "काका, एवढं पाणी पिऊ नका." दुपारच्या आधी मला झोप लागली, घोरलो म्हणे. बाईंनी उठवून उभं केलं. काठी टेकून उभा होतो, तरी उभं केलं. खिचडी मात्र चांगली होती. दोनदा घेतली, तिसऱ्यांदा वाढणारी म्हणाली, "चवथीचं माप संपलं."

सांजेला बाईंनी हजेरी दाखवली. सविताच्या नावापुढं त्यांनी हजेरी लावली नव्हती. "मी खोटी हजेरी लावत नाही. बदलीचं वेगळं लिहिलंय. पण बदली म्हणजे काम पुरं करायचं, कंपनीत करतात ना? आज जे शिकलास ते घरी जाऊन सविताला शिकव. उद्या मी तिला विचारणार नाही, तुला विचारणार."

घरी आलो. सविता पोराला मांडीवर घेऊन बसलेली. मी तिला बेरीज शिकवायला लागलो. ती बोटानं दाखवून म्हणाली, "बाबा, हातचा एक कुठं गेला?" मी म्हटलं, "बेटेगावच्या फाट्यापर्यंत होता." मग तिनंच मला शिकवलं. दुसऱ्या दिशी बाईंनी विचारलं, मी बरोबर सांगितलं, बाई म्हणाल्या, "सविताला चांगलं येतं." मला कळंना, शाबासकी कोणाला मिळाली.

असे आठ दिस झाले. पाड्यात बातमी पसरली, की बाई बदली घेतात. झालं! लोकांनी धाडायला सुरवात केली. आणि कोण येतं बघा, ज्याचा घरात काय उपयोग नाय तो. एका घरातनं बहिरा आजा आला. बाईंनी नाव पुकारलं तरी तो हसायचा, शिव्या दिल्या तरी हसला असता. एका घरात तर कोणच रिकामं नव्हतं. त्यांचा विज्या दुसरीत, पण तो दिसभर बकरी राखायचा. त्यांनी विज्याच्या जागी बकरी धाडली.

बाईंनी बकरी बगितली. ओट्याच्या खांबाला बांधली. आपल्या डब्यातली भाजी काढून तिला दिली. अर्ध्या तासानं विज्या धावत आला, "बाई, बकरी हितं हाय, मग मी घरी काय करू?"

बाई म्हणाल्या, "बस."

त्या दिसापासनं बकरी रोज शाळेत, आणि तिच्याबरोबर विज्या पण रोज. बहिऱ्या आज्याला राखायला घरी रवणारा त्याचा नातू पण तसाच आत आला. मला ते बगून लय हसायला आलं. म्हटलं, ह्या लोकांना अक्कल बगा, राखायची ती बकरी शाळेत धाडली! मी हसत होतो, आणि बाई माझ्याकडं बगत होत्या. लय वेळ बगत होत्या. मला वाटलं, माझ्या दाताला खिचडी लागलीय.

मग एक साहेब आले. कशासाठी? हजेरीच्या फोटोत त्यांना चवथीच्या रांगेत एक मिशी दिसली म्हणून. साहेब जीपमधनं उतरले, आत आले, आणि सरळ माझ्यासमोर.

"हे कोण?"

बाई म्हणाल्या, "सविताचे वडील. बदलीवर आहेत."

"सात नव्वे किती?" साहेबांनी मलाच विचारलं.

मागनं दुसरीतली एक पोर कुजबुजली, "त्रेसष्ट."

मी उभा रायलो. "साहेब, ही म्हणते त्रेसष्ट. पण मी खात्री देत नाय."

साहेबांनी घाम पुसला. "आणि बाहेर बकरी कोणाची?"

"विज्याची. ती बाहेर आहे म्हणून तो आत आहे."

साहेब बाहेर जाऊन बकरीकडं बगून आले. बाई म्हणाल्या, "साहेब, पटावर जेवढी नावं, तेवढी पोरं आत आहेत. एक सोडून. मोजा." साहेबांनी मोजली. दोनदा चुकली, कारण बहिरा आजा पोरांच्या मधे हसत बसलेला. तिसऱ्यांदा जमली. एकच कमी, माझी सविता. साहेब हळूच म्हणाले, "ती एक का येत नाही?"

बाईंनी माझ्याकडं हात केला. "यांना विचारा. यांच्या घरी पोर सांभाळायला कोण नाही."

साहेब माझ्याकडं, माझ्या पाटीकडं, माझ्या लांब केलेल्या पायाकडं बगत रायले. त्यांना काय तरी बोलायचं होतं, पण बाईंनी मान हलवली, नको म्हणून. जाताना साहेब एवढंच बोलले, "बकरी फोटोत येऊ देऊ नका." मला तेवढ्यातनं पण काय कळलं नाय. मी घरी जाऊन सांगितलं, "साहेबांनी माझी परीक्षा घेतली. पास."

दिवाळी झाली आणि वीटभट्टीचे दिस आले. दर वर्सी आमी जातो, वसईच्या बाजूला. भट्टीवर नवराबायकोची जोडी लागते, एकानं माती कालवायची, एकानं विटा पाडायच्या. आणि पोर बगायला मोठं पोर बरोबर. गेल्या वर्सी धाकटं जानीच्या पाठीला बांधलेलं, सविता आयसजवळ रायली; आता ते पळायला लागलेलं, म्हणून सविताला नेणार हे धरलेलंच होतं. पावसाळ्यापर्यंत तिकडंच.

बाई घरी आल्या. ह्या वेळी मी कुठं लपलो नाय, पायामुळं जमलं नाय. त्यांनी पावाच्या पिशवीतनं त्यांच्या आधीच्या मास्तरांच्या वेळचं जुनं हजेरीपुस्तक काढलं. त्यात माझ्या मोठ्या पोरीची, मीनाची ओळ. तिसरीत असताना मीना आमच्याबरोबर भट्टीवर आलेली, तवा सविता तिच्या कडेवर. परत आल्यावर दोन दिस वर्गात बसली. तिसऱ्या दिशी म्हणाली, "सगळे पुढं गेले, मला काय कळत नाय." आणि मग ओळभर नुसत्या रेघा. मीना आता बोईसरला मावशीकडं रवते, पॅकिंगला जाते. डब्यावर काय लिवलंय ते वाचता येत नाय, रंग बगून भरते. दोन रंग सारखे आले की शिव्या खाते.

बाई म्हणाल्या, "चवथी आहे लाडक्या. आता अर्ध्यावर नेलीस तर पाचवीला ती जाणार नाही. मला ठाऊक आहे, तुला पण ठाऊक आहे."

मी म्हटलं, "बाई, हौस हाय का मला? भट्टीवर पोर बगायला कोण? त्या मातीत, त्या आगीत पोर मोकळं सोडू?"

बाईंनी हजेरीपुस्तक परत पिशवीत घातलं. पयल्यांदाच मी जिंकलो होतो, आणि मला अजिबात बरं वाटलं नाय. सविता चुलीपाशी बसून पाटीवर भागाकार करत होती, आमी जसे तिच्याबद्दल बोलतच नाय.

रविवारी सकाळी ट्रक आला. मुकादम खाली उभा राहून जोड्या मोजत होता. जानीचा भाऊस सदू पण निघालेला, पण त्या वर्सी त्याची बायको बाळंतपणाला माहेरी. मुकादम त्याच्यावर ओरडत होता, "जोडी नाय तर ट्रकात चढू नको!" आमी बोचकी चढवली. मी सविताला हात द्यायला वळलो, तर ट्रकात आधीच कोण तरी बसलेलं. राऊत बाई. मांडीवर माझं पोर, सविताकडनं घेतलेलं, बाजूला कपड्यांची पिशवी.

मुकादम म्हणाला, "बाई, तुमी कुठं?"

"भट्टीवर. सविता येत नाही. तिच्या जागी मी. बदली. पोर मी सांभाळणार."

"बाई, मस्करी नका करू."

"मस्करी कसली? ह्या पाड्यात चालतं."

मुकादमाचं तोंड पांढरं झालं. शाळेची बाई भट्टीवर नेली तर उद्या कोण कोण चौकशीला येईल, ते त्याला दिसत होतं. त्यानं मला शिव्या द्यायला सुरवात केली. ट्रकातले लोक उतरून मजा बगायला लागले. मी हात जोडले, "बाई, उतरा. तुमी कशा येणार? शाळेचं काय?"

बाई म्हणाल्या, "शाळेत माझ्या जागी तू बस. तुला सवय आहे. चवथीला भागाकार चालू आहे, उद्यापासनं घे."

आता खरं सांगतो, मला घाम फुटला. भट्टीला मी भीत नाय, पण भागाकार! मी म्हटलं, "बाई, मला भागाकार येत नाय!"

"मग तुला काय येतं?"

खरंच, मला काय येतं? तेवढ्यात मागनं सविता बोलली, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबाला पोर सांभाळता येतं. माझा हात दुखला की तोच घेतो. दार लावून."

ट्रक हसला. मुकादम हसला. बहिरा आजा तर आधीपासनंच हसत होता. आणि मी तितं उभा, आणि मला तो कापणीतला सगळा पंधरवडा दिसायला लागला. मी दिसभर शाळेत पाय लांब करून बसलेला, आणि घरी माझी पोरगी पोराला घेऊन बसलेली. बकरीच्या लोकांना मी हसलो होतो! बकरीवाल्यांना कळलं, साहेबांना कळलं, दुसरीतल्या पोरीला पण कळलं असेल. मला एकट्यालाच कळायचं बाकी होतं, आणि बाई एवढे दिस वाट बगत बसल्या होत्या.

जानी मात्र हसली नाय. ती माझ्याकडं बगून म्हणाली, "पायानं लंगडतोस, माती काय कालवणार? तू रव. मी सदूबरोबर जोडी लावते."

मी म्हटलं, "आणि लोक काय म्हणतील?"

"लोक आताच म्हणून झाले."

मुकादमानं बोटं मोजली. "बाई नि बाप्या, जोडी पुरी झाली. बहीण-भाऊस का असंना." बाईंनी पोर माझ्याकडं दिलं आणि खाली उतरल्या. पिशवी मी घेतली उतरवायला, तर उघडी होती. दोन ड्रेस, टॉवेल, बी.पी.च्या गोळ्या, आणि एक खुळखुळा. म्हंजे त्या खरंच गेल्या असत्या.

मग मी सहा महिने आयस झालो. पाड्यातले बापे मला "लाडक्याबाई" म्हणायचे. नाक्यावर गेलो की विचारायचे, "दूध आटलं का गो?" मी पण सांगायचो, "तुला उरलंय, ये." सकाळी सविता पुढं, मी पोराला कडेवर घेऊन मागं. ती आत, आमी दोघं ओट्यावर, बकरीच्या बाजूला. ऐकून ऐकून मी माझी सही शिकलो. बाई म्हणाल्या, "अंगठा बरा होता." सविताचा एक दिस चुकला नाय. शिमग्याला जानी येणार होती, भट्टीवाल्यानं सोडलं नाय. रोज दुपारी आमी त्या दगडावर चढायचो आणि तिला मोबाईलवर बगायचो. पोर मोबाईलची पप्पी घ्यायचं.

मे महिन्यात बाई निकाल घेऊन घरी आल्या. त्याच वर्सी त्या रिटायर होत होत्या, आमच्या पाड्यातला त्यांचा तो शेवटचा दिस. ओट्यावर बसून त्यांनी हजेरीपुस्तकातली सविताची ओळ मला बोटानं दाखवली, दिवाळीपासनं पार शेवटपर्यंत. कुठं खाडा नाय. बाईंचं तोंड असं झालेलं, जसं त्यांच्याच पोरीचा निकाल. म्हणाल्या, "पाचवीला नाव घालून मगच मी सुटणार."

तेवढ्यात खालनं जानी आली. भट्टीचा ट्रक फाट्यावर सोडून गेलेला. डोक्यावर बोचकं, काळी पडलेली, हाडं दिसत होती. बोचकं टाकलं आणि हात पुढं केले, "ये रं माझ्या राजा."

पोर माझ्या मानेला चिकटलं. जानी पुढं आली तसं ते किंचाळलं.

सविता म्हणाली, "अरे, आई हाय ती! आई!"

पोरानं तिच्याकडं बगितलं. मग माझ्या खिशातला मोबाईल काढला आणि तिला दाखवला. आई इथं हाय, असं.

जानी मोठ्यानं हसली. म्हणाली, "घ्या, आता माझी गरज काय!" आणि मागं पाण्याच्या पिंपाकडं गेली. लय वेळ तोंड धुत होती. येताना पदर तोंडावरच होता. म्हणाली, "बाई, बसा, चाय टाकते. दोन दिसात येईल तो माझ्याकडं."

बाई उठल्या. "नको गो. उशीर झालाय." दुपारचे बारा पण वाजले नव्हते. सविताच्या डोक्यावर हात ठेवला, जानीच्या पण ठेवायला गेल्या, मग तो हात तसाच मागं घेतला आणि गेल्या.

थोड्या वेळानं बगितलं तर बाई उतारावर, स्कूटी हातानं ढकलत चाललेल्या. म्हटलं, बंद पडली. धक्का द्यायला पोराला घेऊन मी धावत गेलो. जवळ पोचलो तर गाडी चालू होती. इंजिन घुरघुरत होतं. बाई तिच्या बाजूनं पायी चालत होत्या.

मी म्हटलं, "बाई, गाडी चालू हाय."

"हो रे," त्या म्हणाल्या, आणि तशीच ढकलत पुढं गेल्या.